आधी जागा कुठली, ते सांगा

कापूस विकला गेला की खान्देशात दोन गोष्टी निघतात, लग्नं आणि बांधकामं. लग्नाचं मला कोणी विचारत नाही. बांधकामाची पत्रं मात्र दिवाळीला सुरू होतात ती होळीपर्यंत थांबत नाहीत, कारण पावसाच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे हा प्रत्येकाचा हट्ट. अमळनेरात बसून मी घरांचे नकाशे काढते, परवानाधारक इंजिनिअर म्हणून त्यांवर सह्या करते आणि उरलेल्या वेळात या सदरासाठी पत्रं वाचते. पत्रातला पहिला प्रश्न ठरलेला : परवानगी देतं कोण? ग्रामपंचायत, तहसील की नगर रचना? जागा कुठे आहे ते शेवटच्या ओळीत येतं, नाहीतर येतच नाही. माझी विनंती आहे, उलटं लिहा. जागा गावठाणात, गावठाणाला लागून की शेतात, उताऱ्यावर नाव कोणाचं, क्षेत्र किती. एवढं कळलं की कोणाच्या दारात जायचं ते निम्मं ठरलेलं असतं.

प्रश्न : ताई, आमचं घर गावठाणात, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं), आजोबांनी बांधलेलं. गल्लीकडची भिंत फुगली आहे, मागचा पावसाळा ताडपत्री टाकून काढला. पाडून आरसीसी घर बांधायचं आहे, खाली दोन खोल्या नि वर दोन. आजोबा जागा २७ बाय ६० फूट सांगायचे. ड्रोनची मोजणी होऊन सनद मिळाली, तिच्यावर १४७ चौरस मीटर लिहिलंय. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, ‘१६०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, बांधा बिनधास्त.’ बँक म्हणते, परवानगीशिवाय कर्ज नाही. खरं कोण? नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव आहे. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. आते काय करानं?
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, बँक पूर्ण खरी आणि ग्रामपंचायत अर्धी. ‘लागत नाही’ हे दोन शब्द गावागावांत इतके फिरले आहेत की त्यांच्या मागचं वाक्यच गळून पडलंय. ते वाक्य आधी समजून घ्या.

गावठाणात घर बांधायचं किंवा पाडून पुन्हा उभं करायचं तर ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते, हे १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्येच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली आणि छोट्या भूखंडांसाठी रीत सोपी झाली. खेड्यांत ती कशी लागू करायची हे २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने सांगितलं. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर मालकीचा कागद, जागेचा नि घराचा नकाशा, आणि ‘हा नकाशा नियमावलीप्रमाणे आहे’ असा परवानाधारक इंजिनिअरचा किंवा आर्किटेक्टचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. मंजुरीची वाट बघत बसायचं नाही, एवढाच ‘लागत नाही’चा अर्थ. कागद द्यायचाच आहे. १५० ते ३०० चौरस मीटरला हेच सगळं, वर ग्रामपंचायतीने १० दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. ३०० च्या वर गेलं की गाठ नगर रचना विभागाशी.

लोक जे १६०० आणि ३२०० फूट म्हणतात ते या १५० आणि ३०० मीटरांचं गोळाबेरीज भाषांतर आहे. आणि हे क्षेत्र भूखंडाचं आहे, बांधकामाचं नव्हे. ‘आमचं बांधकाम तर आठशेच फूट आहे’ असं म्हणत एकरभर जागेचा उतारा पुढे करणारी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांची तिथेच पंचाईत होते.

आता तुमचं गणित. २७ गुणिले ६० म्हणजे १६२० चौरस फूट, म्हणजे साधारण १५०.५ चौरस मीटर. आजोबांचा आकडा धरला तर तुम्ही अर्ध्या मीटरने दुसऱ्या गटात जाता. सनदेवरचा धरला तर पहिल्यात राहता. चालणार कागदावरचा. पण तो आकडा घेऊन खूश होण्याआधी सनदेबरोबरचा नकाशा आणि टेप घेऊन स्वतः घराभोवती फिरा. स्वामित्व योजनेत ड्रोन उडायच्या आधी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. जिथे घरमालक हजर होते तिथे रेघा नीट पडल्या. जिथे कुलूप होतं किंवा मंडळी सुरतेला कामाला गेली होती, तिथे शेजाऱ्याने दाखवलं ती हद्द. शिवाय ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. धाब्याच्या घराला पन्हळ बाहेर आलेली, पुढे ओट्यावर पत्रा उतरवलेला. त्यात फूट-दीड फूट इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या बाबतीत जागा तीनेक चौरस मीटरने कमी दिसते आहे. ती गल्लीत गेली की शेजाऱ्याच्या भिंतीत, ते बघा. हरकत असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात आत्ताच द्या. घर उभं राहिल्यावर हद्दीचा वाद काढणं म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या.

नावाचं त्याहून महत्त्वाचं. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोण भरतं ते ती सांगते, मालक कोण ते ठरवत नाही. सनदेवर कोणाचं नाव आलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, बहुतेक तिथेही आजोबाच असतील. म्हणजे आधी वारस नोंद. त्यात दोन्ही बहिणींची नावं येणार, आणि आली पाहिजेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, तरी आपल्याकडे अजून ‘त्यांना काय, त्या त्यांच्या घरी सुखी आहेत’ असं म्हणून पाच भावंडांच्या जागी तिघांचीच नावं लिहून आणतात. बहिणी आपणहून हक्क सोडत असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. राखीच्या ताटात घातलेला शब्द बँकेच्या वकिलाला चालत नाही. आणि तिघा भावांपैकी बांधणारे तुम्ही एकटेच असाल तर बाकीच्यांची संमती किंवा आधी वाटणी, दोन्हींपैकी एक लागेलच.

आता नकाशा. जुन्या गल्लीत पुढचं अंतर गल्लीच्या मध्यापासून मोजतात. तुमची गल्ली अरुंद असेल तर नवी भिंत जुन्या ओट्याच्या रेषेत घेता येणार नाही, थोडं आत सरकावं लागेल. इथे घरोघरी रुसवे होतात, कारण ओटा हीच आपली बैठक. पण पुढे स्लॅबचा छज्जा गल्लीवर काढून ती कसर वर भरून काढू नका. कापसाची गाडी, अँब्युलन्स, उद्या फायरची गाडी, सगळ्यांना त्याच गल्लीतून जायचंय. पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडत असेल तर तेही नकाशात दुरुस्त करून घ्या. गावातली निम्मी भांडणं पागोळीवरून होतात हे ग्रामपंचायतीच्या कोणत्याही शिपायाला विचारा.

पाडकामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फुटी असतात आणि मधली भिंत बहुधा दोन्ही घरांची मिळून एकच. तुमच्याकडचं माळं उतरवलं की शेजाऱ्याच्या तुळया एका बाजूने मोकळ्या होतात. आधी शेजाऱ्याशी बोला, शक्य तर दोन ओळी लिहून घ्या, त्याच्या तुळयांना टेकू लावा आणि वरून खाली, हाताने उतरवा. जेसीबी दारात उभं करून एका दुपारी घर सपाट करणारे ठेकेदार स्वस्त पडतात. शेजारच्या आजीबाईंच्या स्वयंपाकघराला भेग पडली की किती स्वस्त पडले ते कळतं. सागाच्या तुळया आणि खांब मात्र विकू नका. रंधा मारला की दारं-खिडक्या त्यातून निघतात, आणि तसं लाकूड आज बाजारात मिळत नाही.

पायाही नकाशावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पारोळ्याच्या भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. तुमची भिंत फुगली आहे त्याचं अर्धं कारण बहुधा खाली आहे. खड्डा मुरमापर्यंत गेला की नाही ते फुटिंग भरण्याआधी इंजिनिअरला बोलावून दाखवा. मिस्तरी म्हणेल, ‘आमचे दहा घरं उभे आहेत याच मातीत.’ म्हणू दे. ग्रामपंचायतीचा शिक्का मातीची हमी देत नाही.

बँकेला काय द्यायचं? शिक्का-सहीचा नकाशा, इंजिनिअरचा दाखला, शुल्काची पावती, आणि आवक क्रमांक असलेली अर्जाची पोच. पहिल्या गटात ‘परवानगी’ असा मथळा असलेला वेगळा कागद निघत नाही म्हणून काही शाखांत अडवतात. तेव्हा नियमावलीतली ती तरतूद छापून सोबत जोडा. तरीही अडले तर ग्रामपंचायतीकडून ‘कागदपत्रं आणि शुल्क नियमाप्रमाणे मिळालं’ असं पत्र मागा. ते द्यायला कोणाचं काही जात नाही.

प्रश्न : ताई, गावठाणाला लागून आमची खळवाडी आहे. सहा गुंठे, सातबारा आहे, पूर्वी तिथे कडबा नि बैलगाडी असायची. दोन्ही मुलांसाठी शेजारी शेजारी घरं बांधायची आहेत. तलाठी म्हणतात एनए (बिगरशेती) करा. गावातले एक पुढारी म्हणतात, २०० मीटरच्या आत आहे, काहीच करायची गरज नाही.
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : काका, पुढाऱ्यांनी वर्तमानपत्राचा मथळा वाचलाय, खालची बातमी राहिली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी रूपांतरित झाली असं मानतात. पण ‘मानतात’ हे तुम्ही रूपांतर कर, अकृषिक आकारणी वगैरे भरल्यावर. तहसीलदारांकडे अर्ज करायचा, ते रक्कम काढून देतात, ती भरली की तुमच्याकडे कागद येतो आणि अधिकार अभिलेखात नोंद होते. जुन्या एनएच्या मानाने हे फार हलकं आहे. पूर्वी त्या फाइलमागे माणूस म्हातारा व्हायचा.

ते २०० मीटर कुठून मोजायचे यावर मात्र लक्ष ठेवा. गावाच्या शेवटच्या घरापासून नव्हे. भूमी अभिलेखाच्या गाव नकाशावर गावठाणाची हद्द आखलेली असते, तिच्यापासून. आपल्याकडे गावं गावठाणाबाहेर कधीच पसरली आहेत, त्यामुळे शेवटच्या घरापासून ‘पन्नास पावलं’ असलेली जागाही हद्दीपासून लांब निघू शकते.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल, म्हणजे जमीन वतनाची, इनामाची किंवा शासनाने दिलेली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी परवानगी, नजराणा, मग पुढचं. आणि चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीच्या हाती कलम ३६-अ च्या परवानगीशिवाय जात नाही. तुमची जमीन वडिलोपार्जित आहे म्हणून तुम्हाला हे लागू नसेल, पण शेजारचा तुकडा ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून जोडून घ्यायचा विचार असेल तर आधी मूळ मालक कोण ते फेरफारात मागे जाऊन बघा.

सहा गुंठे म्हणजे ६०० चौरस मीटरच्या जवळ. ३०० च्या वर असल्याने नकाशा नगर रचनेकडून मंजूर व्हावा लागेल, ग्रामपंचायतीच्या पावतीवर भागणार नाही. ‘दोन मुलांना तीन-तीन गुंठे नावावर करतो आणि दोन छोटे अर्ज टाकतो’ ही युक्ती तुमच्या मनात आली असेल, गावात कोणीतरी सुचवलीही असेल. रेखांकन (लेआउट) मंजूर करून न घेता पाडलेल्या तुकड्यांवर मी तरी सही करत नाही. एकत्र नकाशा करा, दोन घरं, मध्ये मोकळी जागा, एक विहीर किंवा बोअर सामाईक. मुलांचं पुढे पटलं नाही तरी नकाशा तसाच राहतो.

खळवाडीच्या फाइली बहुतेक वेळा रस्त्यावर अडकतात. तिथे जायला गाडवाट असते. बैलगाडी दोनशे वर्षं गेली तरी ती गाव नकाशावर असेलच असं नाही. नसेल आणि ती दुसऱ्याच्या गटातून जात असेल तर आत्ता, संबंध चांगले आहेत तोवर, त्याच्याकडून रस्त्याचा हक्क नोंदवून घ्या. खिडकीबाहेर ट्रॅक्टर उभं करून रस्ता अडवायचे प्रकार चोपड्यातच काय, सगळीकडे होतात.

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात ३२ आर केळी आहे. रात्रीची लाइट, पाण्याच्या पाळ्या यामुळे शेतातच राहावं लागतं. शेतात घर बांधायला एनए लागतं का?
– वाचक, रावेर तालुका

उत्तर : शेतकऱ्याला स्वतःला, घरच्यांना किंवा सालदाराला राहायला, अवजारं आणि माल ठेवायला शेतात जे बांधतात त्याला जमीन महसूल संहिता शेतघर म्हणते आणि त्यासाठी एनएची गरज नसते. पण शेतघराला किमान ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर क्षेत्र धरतात. तुमचं ३२ आहे. ८ अ च्या खाते उताऱ्यावर त्याच गटाला लागून आणखी काही तुकडा असेल तर तो दाखवा. नसेल तर मोटारीची खोली आणि सामानाचं शेड यावर भागवा, पक्क्या घराचा नकाशा मंजूर होणं अवघड. ४० आर असते तर जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत घेता आलं असतं, म्हणजे केळीच्या शेतात पुरून उरेल एवढं.

आणि बाबांनो, ज्यांचं शेत हायवेला लागून आहे त्यांनी ‘शेतघर’ बांधून समोर चहाचा ठेला, मग जेवणाची टेबलं, मग लॉन असं करत जाऊ नका. धुळे-जळगाव-भुसावळ रस्त्याचं चौपदरीकरण झाल्यापासून ही लाट आली आहे. महामार्गाच्या बाजूला इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असतात, इमारत रेषेच्या आत बांधकाम नाही आणि नियंत्रण रेषेपर्यंत निर्बंध असतात. वापर बदलला की ते शेतघरही राहत नाही. मग नोटीस येते तेव्हा मला फोन येतो, आणि माझ्याकडे नोटिशीवर औषध नाही.

प्रश्न : आमच्या मालकांनी (नवऱ्याने) गावाबाहेर दोन गुंठे जागा घेतली. शंभराच्या स्टँपवर नोटरी केली आहे, पैसे पूर्ण दिलेत. पाया खोदायला माणसं सांगितली आहेत. परवानगीसाठी काय करावं?
– एक भगिनी, साक्री तालुका

उत्तर : ताई, माणसांना सध्या येऊ नका म्हणून सांगा.

नोटरीने जागा नावावर होत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत नोंदणीकृतच लागतं, हा १९०८ चा नोंदणी कायदा आहे. नोटरी फक्त सांगते की सह्या कोणी केल्या. कागदोपत्री जागा आजही विकणाऱ्याची आहे. तो उद्या ती दुसऱ्याला रीतसर विकू शकतो, त्याची मुलं हक्क सांगू शकतात. दोन गुंठ्यांची नोंदणी का झाली नाही, तर तुकडेबंदी कायद्यामुळे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, कमी करून जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे केलं, तरी दोन गुंठे त्यात बसत नाहीत. घरासाठीचे छोटे आणि जुने तुकडे नियमित करायला शासनाने अलीकडे सवलती दिल्या आहेत. तुमचा गट त्यात येतो का, ते तहसील कार्यालयात गट नंबर घालून लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. येत असेल तर विकणाऱ्याला गाठून, तो हयात आणि गावात आहे तोवर, खरेदीखत नोंदवून घ्या. नावावर जागा झाल्याशिवाय परवानगीचा अर्ज कोणी हातात धरणार नाही, आणि धरला तरी मी तुम्हाला पायाला पैसे घाला असं सांगणार नाही. हे उत्तर मालकांना वाचून दाखवा, रागावले तर माझ्यावर रागावू द्या.

प्रश्न : गावाचं नाव छापू नका. जागा १९० चौरस मीटर, गावठाणात, उतारा माझ्या नावावर, नकाशा इंजिनिअरकडून करून दिला. अर्ज पडून आहे. कधी ‘बॉडीची मीटिंग झाली नाही’, कधी ‘ग्रामसभेचा ठराव लागेल’. मागच्या निवडणुकीत आम्ही दुसऱ्या पॅनलला होतो, हे खरं कारण. सरळ काम सुरू केलं तर काय होईल?
– नाव-गाव राखून

उत्तर : सुरू केलंत तर ज्यांना तुम्हाला अडवायचंय त्यांच्या हातात तुम्ही स्वतःच कारण द्याल. आज ते नियम मोडताहेत. कुदळ मारल्यावर विनापरवाना बांधकामाची नोटीस तुमच्या दारावर लागेल. थांबा, पण नुसते बसू नका.

अर्जाची पोच आहे का? आवक क्रमांक आणि तारीख असलेली? ‘सरपंच साहेब यांच्या हातात दिला’ हा अर्ज अर्जच नव्हे. नसेल तर ग्रामपंचायतीच्या नावाने नवा अर्ज करा, जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी अर्जातच लिहा, दोन प्रती घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. शिक्का ‘सापडत नसेल’ तर रजिस्टर पोस्टाने पोचदेय पाठवा. शुल्क रोख देऊन पावतीची वाट बघू नका. पावती मिळते तेव्हाच पैसे.

१५० ते ३०० मधल्या भूखंडाला १० दिवस आहेत, ते तारखेसह अर्जात लिहा. ते उलटले की माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : माझ्या अर्जावर आजवर झालेली टिपणी, ग्रामसभेच्या ठरावाची गरज कोणत्या नियमाने आहे त्याची प्रत, आणि मागच्या वर्षभरात गावात दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस. अनेकदा तिसरी मागणी वाचूनच फाइल हलते, कारण त्या यादीत आपल्या माणसांच्या अर्जाला ठराव लागला नव्हता हे त्यांना तुमच्या आधी दिसतं. त्याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांना पोचेच्या प्रतीसह तक्रार द्या. भाषा साधी ठेवा. पॅनल, निवडणूक, कोण कोणाचा मेव्हणा यातलं काही लिहू नका. लिहिलंत की ते राजकीय भांडण ठरतं आणि अधिकारी हात झटकायला मोकळे होतात.

ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, सगळा राग काढू नका. दोन-दोन गावांचा कारभार, एका खुर्चीवर सरपंच आणि दुसऱ्यावर पंचायत समिती, अशी त्यांची ओढाताण मी रोज बघते. ‘साहेब, तुमच्यावर येऊ नये म्हणून लेखी देतोय’ असं म्हणून अर्ज दिला तर त्यांनाही वर दाखवायला कागद मिळतो.

प्रश्न : चाळीसगावजवळ नाल्याच्या काठाला आमची वडिलोपार्जित जागा आहे. घरकुल मंजूर झालंय, पहिला हप्ता यायचाय. २०२१ ला पाणी घरात शिरलं होतं. तिथेच बांधावं का?
– घरकुल लाभार्थी

उत्तर : नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांनी काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाटबंधारे खात्याने पूररेषा आखलेल्या असतील तिथे निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात, म्हणजे १०० वर्षांच्या पुरापर्यंत, अटी असतात. तुमच्या नाल्यावर रेषा नसेल तरी पाण्याला ते माहीत नाही. घरकुलाच्या पैशात जोतं पुरुषभर उंच करता येत नाही, मूळ अनुदान मैदानी भागात १ लाख २० हजार आहे.

पहिला हप्ता उचलायच्या आधी पंचायत समितीच्या घरकुल कक्षात जागा बदलून मागा. जिओ टॅगिंग झालं असेल तर ते नव्या जागेवर पुन्हा करावं लागेल, म्हणून ही घाई. गावठाणात भावकीतल्या कोणाची जागा मिळत असेल तर बघा, नाहीतर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेसाठी १ लाखापर्यंत अर्थसाहाय्य मिळतं. अर्जासोबत २०२१ च्या पंचनाम्याची प्रत लावा. ती तुमच्याकडे नसली तर तहसीलमध्ये मिळेल.